मुरमाड रानातली तांबडी वाइन

पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडावर उभे राहा आणि साधारण एकोणीसशे वर्षं मागे जा. काठावर पक्क्या विटांची घरं आहेत, राज्य सातवाहनांचं आहे. एका व्यापाऱ्याच्या ओसरीवर तुम्ही टेकता. तो आतून कांस्याचा एक जग आणतो. हे काम आपल्याकडच्या तांबटाचं नव्हे हे बघताक्षणी कळतं. ते इटलीतलं आहे, नेपल्सच्या आसपासच्या कांपानिया प्रांतातलं. 1945-46 मध्ये डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकळिया आणि मो. गं. दीक्षित इथं उत्खनन करतील. त्याच्या थोडं आधी याच टेकाडातून कांस्यवस्तूंचा साठा वर येईल, आणि त्यातली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची छोटी, देखणी मूर्ती कोल्हापूरच्या टाउन हॉल म्युझियममध्ये जाऊन बसेल. पण आज ती याच घरात कुठल्या तरी कोनाड्यात आहे.

जग इटलीहून इथवर आला असेल, तर त्यात ओतायची वाइनही आली असं मी मानतो. इसवी सनाच्या पहिल्या शतकातला एक ग्रीक भाषक दर्यावर्दी 'पेरिप्लस' नावाच्या आपल्या मार्गदर्शिकेत भडोच बंदरात उतरणाऱ्या मालाची यादी देतो. यादीत वाइन आहे, आणि तीही पसंतीच्या क्रमानं: आधी इटलीची, मग सीरियातल्या लाओदिकियाची आणि अरबस्तानची. त्याच पुस्तकात आपलं पैठण आहे, तेर आहे. म्हणजे दख्खनच्या गाडीवाटेवर इटालियन वाइनला मान होता, आणि तो सह्याद्रीच्या घाटांपलीकडून माल आणणाऱ्या माणसांना ठाऊक होता.

घोट घ्या. वाइन ज्या कुंभातून आली, त्याच्या आतल्या बाजूला दिलेल्या राळेचा वास सगळ्यात आधी नाकात शिरतो. वर पाणी मिसळलंय, रोमन लोक तशीच पीत. मधही थोडा आहे. द्राक्षाचा मूळ आंबटपणा जिभेला लागतो, पण तो या सगळ्याखाली दबलेला. वाइन टिकावी, प्रवासात आंबू नये, यासाठी केलेली ही सारी खटपट आहे. नुसत्या द्राक्षाच्या जोरावर उभी राहणारी, साखरेचा लवलेशही न ठेवणारी तांबडी वाइन या भांड्यात नाही.

ती हवी असेल तर 1872 साली टस्कनीत या. फ्लॉरेन्स आणि सिएना या दोन शहरांच्या मधली किआंतीची टेकाडं, आणि तिथला ब्रोलिओचा किल्ला. किल्ल्याचा मालक बॅरन बेत्तिनो रिकासोली दोनदा इटलीचा पंतप्रधान होऊन गेला आहे, आणि आता कितीतरी वर्षांच्या प्रयोगांचा निष्कर्ष पिसा विद्यापीठातल्या एका प्राध्यापकाला पत्रात लिहून कळवतो आहे. तुम्ही त्याच्या खांद्यावरून डोकावता. तो लिहितो आहे की वाइनचा गंध आणि तिच्यातली धार येते सांजोवेझे या काळ्या द्राक्षातून. कनायोलो हे दुसरं काळं द्राक्ष ती धार थोडी मवाळ करतं. मालवाझिया हे पांढरं द्राक्ष फक्त लवकर प्यायच्या वाइनमध्ये घालावं, मुरवायच्या वाइनमध्ये नको. एका प्रदेशाच्या वाइनचा स्वभाव असा कागदावर उतरतो. पुढं शंभर वर्षं किआंतीतले लोक त्या कागदावर भांडत राहतील. 1967 च्या नियमांनी पांढरं द्राक्ष घालणं सक्तीचं केलं, तेव्हा सत्तरच्या दशकात अँटिनोरी घराण्यानं ते साफ वगळून सांजोवेझेच्या जोडीला कॅबर्ने सोविन्यो घातलं आणि नियमाबाहेरची म्हणून 'टिग्नानेलो' ही वाइन साध्या टेबल वाइनच्या लेबलाखाली विकली. ती जगात गाजली. हा तपशील लक्षात ठेवा, आपल्याला माळशिरस तालुक्यात तो लागणार आहे.

ब्रोलिओच्या आसपासच्या कोणत्याही शेतकऱ्याच्या माळ्यावर आत्ता चढलात, तर चटयांवर निवडक घड सुकत घातलेले दिसतील. वाइन आंबून झाली की हिवाळ्याच्या तोंडाशी ही अर्धवट सुकलेली द्राक्षं चिरडून पिंपात टाकतात, आंबण्याची क्रिया पुन्हा जागी होते आणि राहिलेली साखरही संपून जाते. बेदाणे करणाऱ्या तासगावच्या माणसाला या माळ्यावर मुळीच परकं वाटणार नाही. सुकत्या द्राक्षाचा तो दाट, उसाच्या काकवीकडे झुकणारा वास त्याच्या ओळखीचा आहे.

तासगावला पोहोचायच्या आधी मात्र कुंडलला थांबावं लागतं. साल 1944. रात्रीची वेळ, रानातली वस्ती, कंदील बारीक केलेला. क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार साताऱ्याच्या या भागात, म्हणजे त्या वेळच्या मोठ्या सातारा जिल्ह्यात, कारभार करतं आहे. कुंडलचे जी. डी. बापू लाड आणि त्यांचे सोबती आहेत, न्यायदान मंडळं आहेत, बिनखर्चाची गांधी लग्नं आहेत, आणि दारूबंदी आहे. तुमच्या शेजारी बसलेली बाई दारूच्या भट्टीचं नाव निघालं की पदर तोंडाला लावते. तिच्या घरात काय झालं हे ती सांगत नाही आणि कुणी विचारतही नाही. कृष्णाकाठावर वाइनबद्दल लिहिताना मला ही बाई कायम समोर दिसते. दारूनं मोडलेले संसार या खोऱ्यानं पाहिलेत, आणि त्याविरुद्ध उभं राहणं हा त्याच्या स्वातंत्र्यलढ्याचाच भाग होता. त्यामुळे इथं वाइनला सहज घराची दारं उघडत नाहीत, आणि त्यात नवल काहीच नाही. वाइन शेतमालातून येते हे खरं, आणि तिच्यात मद्यार्क असतो हेही तितकंच खरं. दोन्ही मान्य करूनच पुढं जायचं.

आता नव्वदच्या दशकातल्या मार्च महिन्यात तासगाव तालुक्यात उतरा. ऊन रणरणतंय, पण मांडवाखाली गार आहे. बोरगावच्या वसंतराव आर्व्यांनी थॉमसन सीडलेसच्या बागेतून निवडून वाढवलेलं 'तास-ए-गणेश' हे वाण इथं घरोघरी पोहोचलंय. पलीकडे सोनाका आहे, माणिक चमन आहे. या माणसांना द्राक्ष किती कळतं हे बघायला बागेत एक तास पुरेसा आहे. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरच्या आसपास फळ छाटणी, म्हणजे वर्षातून दोनदा वेलीला कात्री. छाटणी झाली की डोळ्यांना पेस्ट. मग भुरी आणि दावण्या या रोगांशी रोजचा सामना, आभाळ भरून आलं की रात्रीसुद्धा फवारणी. फुलोऱ्यानंतर बायका घडाखाली डबा धरून एकेक घड जिब्रेलिक ॲसिडच्या द्रावणात बुडवतात, मणी फुगावा म्हणून. नंतर विरळणी, मण्यांना वाढायला जागा व्हावी म्हणून. एका घडावर किती मणी ठेवायचे हे बोटांना पाठ आहे.

तोडणीनंतर तुम्ही शेडवर जा. पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यातून काढलेले घड जाळीच्या रॅकवर पसरलेत, एकावर एक मजले. सावलीत, वाऱ्यावर पंधरा-वीस दिवसांत चार किलो द्राक्षाचा एक किलो बेदाणा होईल, आणि तो तासगावच्या सौद्यात जाईल. एक दाणा उचलून उजेडात धरा. हिरवट-पिवळा, पातळ सालीचा, आत बी नाही, दाताखाली नुसता गोडवा. पुढं 2016 मध्ये सांगलीच्या या बेदाण्याला भौगोलिक मानांकन मिळेल, आणि ते त्याच्या हक्काचंच आहे.

पण आता रिकासोलीचं पत्र आठवा आणि या दाण्याकडे पुन्हा बघा. तासगावनं दोन पिढ्या जे जे घडवलं, ते ते ड्राय रेड वाइनला नको आहे. इथं मणी मोठा हवा, तिथं बारीक. कारण रंग, गंध आणि बराचसा तुरटपणा सालीत असतो, आणि मणी जितका बारीक तितकी रसाच्या मानानं साल जास्त. इथं बी चालत नाही, तिथं पिकलेल्या बियांचा तुरटपणा वाइनला कणा देतो. इथं एकरी दहा-बारा टन माल उतरला की बाग चांगली, तिथं तीन-चार टनांवर गेलात की वाइन पाणचट होऊ लागते. इथं आंबटपणा उतरेपर्यंत थांबायचं, तिथं तो उतरायच्या आत तोडायचं. आयुष्यभर ज्या गोष्टीला दोष म्हणायला शिकलो, तिलाच गुण म्हणा असं एखाद्या बागायतदाराला सांगणं सोपं नाही. माझ्या मते सांगलीतल्या वाइनची सगळी गोष्ट या एका अडचणीभोवती फिरते, आणि तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष दिलं गेलं.

2001 मध्ये राज्यानं द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं. उत्पादन शुल्कात सवलत, परवान्यांची सुटसुटीत पद्धत, आणि दोन वाइन पार्क: नाशिक जिल्ह्यात विंचूर, सांगली जिल्ह्यात पलूस. तुम्ही त्या दिवसांत पलूसला या. किर्लोस्करवाडी शेजारी, कुंडल जवळच. रस्ते आखलेत, प्लॉटवर खांब रोवलेत, कुठं स्टीलच्या चकाकत्या टाक्या ट्रेलरवरून उतरवताहेत. चहाच्या टपरीवर शिराज, कॅबर्ने, शेनिन ही नावं अशी घेतली जाताहेत की जणू गेली वीस वर्षं याच गावात पिकत होती. बेदाण्याला दर मिळाला नाही तर माल ओतायचा कुठं, या जुन्या प्रश्नाला उत्तर सापडलंय असा सगळ्यांचा चेहरा आहे. या उत्साहाला हसावं असं त्यात काहीच नव्हतं. अवकाळीच्या एका पावसात वर्षाची कमाई जाणारी ही माणसं दुसरा आधार शोधत होती.

मग 2009. मंदी आहे, मुंबईवरच्या हल्ल्यानंतर हॉटेलं रिकामी पडलीत, तयार वाइन टाक्यांत साचलीय. तुमच्यासमोर एक बागायतदार उभा आहे. त्याच्या बागेत काळे, बारीक, बियांचे घड लटकताहेत आणि ज्यांनी ते लावायला सांगितलं त्यांचा माणूस यंदा आलेला नाही. हे द्राक्ष बाजारात न्यावं तर कुणी घेत नाही. बेदाणा करावा तर दाताखाली बी येतं. टेबल द्राक्षाचं पीक फसलं तर निदान बाजार तरी उरतो. वाइनच्या द्राक्षाला एकच गिऱ्हाईक असतं, आणि ते फिरकलं नाही की झाडावरचा माल झाडावरच. तो आरी घेऊन खोडाजवळ बसतो. वेल गुडघ्याएवढ्या उंचीवर कापतो, खाच पाडतो, सोनाकाची काडी बसवून पट्टी गुंडाळतो. मुळं तीच, खुंट तोच, वर पुन्हा बिनबियांचं पांढरं द्राक्ष. पाच वर्षांचा प्रयोग अर्ध्या मिनिटात संपतो. त्याला कुणी दोष देऊ नये.

आणि नेमक्या त्याच वर्षांत, सातारा जिल्ह्याची हद्द ओलांडली की लगेच, दुसरंच काही चाललं होतं.

फलटणहून पालखी मार्गानं निघा. बरड, मग धर्मपुरी, नातेपुते. शिखर शिंगणापूरचा डोंगर उजव्या हाताला मागं पडतो. हा माणदेशाला लागून असलेला कोरडा पट्टा, पाऊस तुटपुंजा, उताराला काळी माती संपून मुरूम उघडा पडलेला. माळशिरस तालुक्यात मोटेवाडी, गारवाड, निमगाव या गावांच्या शिवारात 2007 च्या सुमारास 'फ्रातेल्ली'च्या बागा उभ्या राहिल्या. अकलूजचे मोहिते-पाटील बंधू, दिल्लीचे सेखरी बंधू आणि इटलीचे सेक्की बंधू अशा तीन घरांतल्या भावांनी मिळून हा उद्योग काढला, आणि वाइन करायला आले पिएरो मासी, किआंतीच्या मातीत हात काळे केलेले. त्यांनी या मुरमात सांजोवेझे लावलं. रिकासोलीच्या पत्रातलं ते काळं द्राक्ष बोरगावपासून फार लांब नसलेल्या रानात आलं.

तोडणीच्या वेळी तुम्ही बागेत आहात. फेब्रुवारी, उजाडायला अजून अवकाश. अंगावर स्वेटर, मजुरांच्या कपाळावर बॅटऱ्या. ही वेळ हौसेनं निवडलेली नाही. टस्कनीत सांजोवेझे पिकतं सप्टेंबर-ऑक्टोबरात, जेव्हा दिवस लहान होत जातात आणि हवा थंडावत जाते. पिकायच्या शेवटच्या टप्प्यात वेलीला सवड मिळते. आपल्याकडे उलटं. फळ छाटणी सप्टेंबरात, थंडीत मणी भरतात, आणि पिकायची वेळ येते तेव्हा ऊन रोज चढत असतं. साखर धावत वर जाते, आंबटपणा तितक्याच वेगानं खाली. चार दिवस उशीर झाला तरी वाइन बदलते. म्हणून गारव्यात तोडायचं, क्रेट उन्हाच्या आत वायनरीत पोचवायचं.

एक मणी तोंडात टाका. तासगावच्या मण्याच्या निम्म्याहून लहान. आधी गोड लागतो, इतका गोड की फसायला होतं. लगेच मागून आंबटपणा येतो आणि गालांच्या आत पाणी सुटतं. साल गिळू नका, चावत राहा. हिरड्या कोरड्या पडायला लागतील. बिया हातावर घ्या. हिरव्या असतील तर अजून थांबायचं. या तपकिरी आहेत, दाताखाली कटकन फुटतात, भाजलेल्या शेंगदाण्याच्या टरफलासारखा वास देतात. शेजारची बाई म्हणते, "खायाला काय न्हाई बघा ह्यात, नुसत्या बिया." तिचं बरोबर आहे. ती आयुष्यभर खायच्या द्राक्षात काम करत आलीय.

मग वायनरी. घडातून मणी सुटे होतात, चिरडतात, सालीबियांसकट टाकीत जातात. यीस्ट कामाला लागतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी टाकीच्या तोंडाशी सालींचा जाड थर वर येतो, चोथ्याची टोपीच. खालचा रस पंपानं उपसून त्या थरावर पुन्हा पुन्हा ओतायचा, म्हणजे सालीतला रंग आणि तुरटपणा रसात उतरतो. टाकीवर कान ठेवा, आत बारीक रटरट चालू आहे. रोज नमुना काढून साखर मोजतात. चोवीस ब्रिक्सच्या आसपास सुरू झालेला आकडा उतरत उतरत शून्याच्याही खाली जातो, कारण मद्यार्क पाण्यापेक्षा हलका. साधारण दर लिटरमागे सतरा ग्रॅम साखरेचा एक टक्का मद्यार्क, म्हणजे साडेतेरा टक्क्यांच्या आसपास. खाण्याजोगी साखर यीस्टनं खाऊन टाकली. आता ही वाइन ड्राय झाली. तिच्यात लपायला गोडवा उरला नाही; द्राक्ष कच्चं होतं की जास्त पिकलं होतं, हात राखून पीक घेतलं की हावरटपणानं, सगळं तिच्यात उघडं दिसतं. मला या जातीच्या वाइनचं सगळ्यात जास्त आवडतं ते हेच.

या सांजोवेझेतच कॅबर्ने सोविन्यो मिसळून इथं 'सेत्ते' नावाची वाइन होते. अँटिनोरींनी नियम मोडून जी जोडी जमवली, तीच ही.

आता नुसत्या सांजोवेझेचा एक ग्लास समोर ठेवा. रंग गडद जांभळा नाही, कडेला विटेकडे झुकणारा माणकासारखा तांबडा. पलीकडची बोटं अंधुक दिसतात. नाकाशी आंबट चेरी, वाळलेलं आमसूल, मागे कोरड्या पाल्याचा वास. जिभेवर अंगानं मध्यम, आंबटपणानं ताठ, शेवटी बारीक तुरट. किआंतीतल्या चांगल्या वाइनपेक्षा इथल्या वाइनमध्ये फळ जास्त पिकलेलं लागतं आणि धार किंचित कमी. ते फेब्रुवारीच्या उन्हाचं देणं आहे. ते दडवायची गरज नाही. किआंतीच्या ठिसूळ खडकाची वाइन किआंतीत मिळतेच. या मुरमाची इथंच मिळणार.

ज्याला मद्य घ्यायचंच नसेल त्यानं ते घेऊ नये, कुंडलच्या त्या बाईचा मान माझ्यासाठी मोठा आहे. घेणाऱ्यानं मात्र ही नुसती पिऊ नये. ही जेवणाची वाइन आहे, नुसती प्याल तर रुक्ष वाटेल. कराड-इस्लामपूरच्या रस्त्यावर मिळतो तसा अख्खा मसूर करा, कांदा-खोबऱ्याचा, वर तेलाचा तवंग, शेजारी रोटी. घास, मग घोट. आंबटपणा तवंग कापून जातो, तुरटपणाला मसुरातली प्रथिनं मऊ करतात, आणि पुढच्या घासाला जीभ पुन्हा ताजी. तांबड्या रश्श्याबरोबर मात्र घेऊ नका. जास्त तिखटासमोर तुरटपणा कडवट होतो आणि मद्यार्क भाजतो.

पलूसला पुन्हा कुणी टाक्या बसवणार असेल, तर त्यानं आधी तासगावच्या दोन-चार बागायतदारांना फेब्रुवारीत गारवाडला घेऊन जावं, पहाटेच्या तोडणीला. त्यांना मणी चावायला द्यावा, बिया बघायला द्याव्यात, आणि संध्याकाळी ग्लास समोर ठेवावा. या पट्ट्यात द्राक्ष वाचणारी इतकी तयार बोटं दुसरीकडे मिळणार नाहीत. बारीक मण्याचा हिशेब त्यांना एका हंगामात कळेल. त्यानंतर कागदावर करार करावा, दहा वर्षांचा, टनावर नव्हे तर एकरावर पैसे देणारा, म्हणजे पीक कमी घेणाऱ्याचं नुकसान होणार नाही. माल नाकारला तर भरपाई किती, हे त्याच कागदावर आकड्यात लिहावं. आणि सही झाल्यावरच खड्डे घ्यावेत.